ज्याची गोळी, तो अजून यायचा आहे

डॉक्टर खंदारे यांनी सहा वर्षांत एकदाही चष्मा लावलेला मला आठवत नाही, पण त्यांच्या शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर मात्र कायम असायचं. काळं, कडा घासलेलं, वरून रबर गुंडाळलेलं. गावात त्यावर तर्क चालायचे. कुणी म्हणायचं त्यात आईची पोत आहे, कुणी म्हणायचं बदली थांबवायचा कागद आहे. मी त्यांच्या दवाखान्यातला कंपाउंडर, तेव्हा मला ठाऊक असणारच असं सगळ्यांनी धरून चाललेलं. मीही ठाऊक असल्यासारखा गालात हसायचो. खरं म्हणजे मला ते कळायला दोन वर्षं लागली, आणि कळल्यावर माझं हसू गेलं.

आमचं गाव बोरीहून आत, जिंतूर तालुक्यात. नाव सांगत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात गावाची शोभा नाही आणि माझी तर मुळीच नाही. सरकारी दवाखाना म्हणजे तीन खोल्या आणि पुढं व्हरांडा, व्हरांड्यात दोन बाकडी. नामांतराचा वाद तेव्हा धुमसत होता. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही यावरून माणसं एकमेकांचं आडनाव विचारून मग बोलायला लागायची. अशा दिवसांत आमच्याकडे बौद्ध डॉक्टर आले. उंच, किडकिडीत, ओले केस चापून बसवलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी टेबल-खुर्ची फिरवून घेतली, पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे. मला वाटलं, उजेडासाठी असेल. पुढं पाहिलं तर हॉटेलात, शाळेतल्या मीटिंगला, लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते अशीच जागा धरायचे. वादाच्या पहिल्या भडक्यात त्यांच्या गावची बौद्ध वस्ती जळाली होती. ते तेव्हा औरंगाबादला शिकत होते, घरचे ज्वारीच्या रानात लपून वाचले. दाराकडे पाठ करून बसणं तेव्हापासून जमत नाही, एवढंच ते त्याबद्दल बोलले.

भित्रा माणूस होता. कुत्र्याला भ्यायचे, विहिरीत डोकवायला भ्यायचे, वरच्या साहेबाच्या जीपचा आवाज आला की शर्टाची बटणं चाचपून बघायचे. गाव त्यांना पाठीमागं भेकड डागदर म्हणायचं आणि मीही त्यात सूर मिसळायचो. त्यांच्या घरी मी पहिली पाच वर्षं पाणीसुद्धा प्यायलो नाही, हेही इथंच सांगून टाकतो. दर वेळी काहीतरी निमित्त काढायचो. आज उपास आहे, आत्ताच चहा झाला, असलं काही. त्यांना ते कळायचं. ते आग्रह करायचे नाहीत, फक्त पुढच्या वेळी पुन्हा विचारायचे.

त्यांची सगळ्यात ठळक आठवण म्हणजे श्वास मोजणं. सर्दी-खोकल्याचं लेकरू आलं की त्याचा सदरा वर करायचे, उघड्या पोटाकडं नजर लावायचे, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरायचे आणि म्हणायचे, "एक मिनिट. कुणी बोलू नका." मग व्हरांड्यापर्यंत सगळं चिडीचूप. त्यांचे ओठ हलायचे. आई बिचारी आपलाच श्वास धरून बसायची. मी एकदा विचारलं, अर्धंच मिनिट मोजून दुप्पट का करत नाही, तेवढाच वेळ वाचेल. म्हणाले, दुसऱ्या अर्ध्या मिनिटाची मला भीती वाटते. मोजून झालं, श्वास ठीक असला, छाती आत ओढली जात नसली की ते चिठ्ठी लिहायचे. कोमट पाणी पाजणे. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब टाकणे. अंगावरचं दूध तोडू नये. श्वास जलद झाला किंवा लेकरू पीत नसेल तर कोणत्याही वेळी आणणे. बास, त्या चिठ्ठीत कॅप्सूल नसायची.

आणि लोकांना तर कॅप्सूलच पाहिजे असायची. लाल-काळी, दोन तोंडांची, चकचकीत. ती घेतली म्हणजे औषध झालं, नाहीतर दवाखान्यात जाऊन आल्याचं समाधानच नाही. डॉक्टर समजावून सांगायचे. ही सर्दी ज्या जंतूंची आहे ते फार बारीक, निराळ्या जातीचे, त्यांना ही गोळी लागतच नाही. शरीर त्यांना आपोआप हाकलतं, आठ-दहा दिवस घेतं. गोळी मोठ्या आजाराची आहे, न्यूमोनियाची, विषमज्वराची. एवढं ऐकूनही माणूस हलला नाही की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "ही गोळी ज्याची आहे, तो अजून यायचा आहे. त्याच्यासाठी ठेवू द्या."

लोक एकमेकांकडं बघायचे. कोण यायचाय? कुण्या पुढाऱ्यासाठी ठेवायलेत का?

पहिल्या उन्हाळ्यापासून मी पाहत होतो की दुपार चढली की ते चष्म्याचं घर खिशातून काढून माठाखालच्या ओल्या वाळूजवळ ठेवायचे आणि घरी जाताना पुन्हा खिशात घालायचे. दुसऱ्या उन्हाळ्यात मला राहवलं नाही. मी विचारलं. त्यांनी रबर काढलं. आत कापसात गुंडाळलेली एक काचेची कुपी, एक सिरिंज, एक सुई. इंजेक्शन दिल्यावर एखाद्याला अचानक रिॲक्शन आली तर जीव परत आणायचं औषध, उन्हानं बिघडू नये म्हणून माठाजवळ.

मग ते सांगायला लागले, माझ्याकडे न बघता. नोकरीचं पहिलं वर्ष, दुसरं गाव. एक सालगडी आला, तिशीचा, धडधाकट. नुसती सर्दी. पण सुई द्याच म्हणून अडून बसला, दोन कोस चालत आलो म्हणाला. डॉक्टर नवे होते, माणसाला नाराज करणं जिवावर आलं. आधी हातावर थेंबभर टोचून पाहिलं, काही उठलं नाही. मग पेनिसिलिन दिलं. तो सदऱ्याची बाही खाली करत बाकड्यावर बसला आणि बसल्या जागी त्याचा गळा आवळला. कुपी आतल्या कपाटात होती, कपाटाला कुलूप होतं. किल्ली शोधेपर्यंत सगळं संपलं.

"न्यूमोनिया असता आणि असं झालं असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं," डॉक्टर म्हणाले. "पण तो चालत आला होता हो. नुसतं नाक गळत होतं त्याचं."

त्या दिवसापासून मला त्या खिशाकडं बघायची भीती वाटायला लागली.

इतकं कळूनही मी काय करत होतो ते आता सांगितलं पाहिजे. औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडं असायची. माझी भावकी मोठी, गावातच नांदणारी, आणि प्रत्येकाला वाटायचं आपला मारोती दवाखान्यात असताना आपल्याला गोळीची वाण कशाला. डॉक्टर नाही म्हणाले की माणूस व्हरांड्याला वळसा घालून माझ्या खिडकीशी यायचा. आता सरकारी कॅप्सूल यायच्या मोजक्या. एकाला पुरा डोस दिला तर दुसरे चार रुसणार. म्हणून मी आपलं देवळातल्या प्रसादासारखं सगळ्यांना सारखं करून टाकलं. प्रत्येकाला दोन. वर्तमानपत्राच्या तुकड्यात पुडी बांधायची, तिचं टोक आत खोचायचं. ती माझी खास घडी, सुटायची नाही. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही, आणि मला त्या न्यायाचा अभिमान होता. घरी माझ्या लेकीला, सुमनला शिंक आली तरी तिला दोन, माझ्या मंडळींचा घसा दुखला तरी दोन. लोकही हुशार. एक खायची, बरं वाटलं की दुसरी ठेवून द्यायची. विरजण मागायला यावं तशी शेजारीण वाटी घेऊन यायची नाही एवढंच, पण गोळी मागायला यायची आणि मिळायचीही.

डॉक्टरांची आणखी एक खोड होती, तिनं माझं बिंग फुटलं. ज्याला गोळी नाही म्हटलं, त्याच्या घरी ते तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फेरी मारायचे. आपण नाही म्हटलो ते चुकलं तर नाही ना, या धास्तीनं. बौद्ध वस्तीतल्या सरूबाई आपल्या नातीला घेऊन आल्या होत्या. त्यांनी तर डॉक्टरांना तोंडावर सुनावलं होतं, "आपला मानूस डागदर झाला म्हनून आमी लाडू वाटले, आन् तू आमालाच गोळी देईना व्हय रे?" माझ्या भावकीतल्या लोकांना नाही म्हणताना त्यांचा गुडघा टेबलाखाली थरथरायचा, हे मी माझ्या स्टुलावरून बघायचो. सरूबाईंना नाही म्हणताना त्यांचे डोळे भरले. पण तिथंही नाहीच म्हणाले. तेही मी बघितलं, आणि म्हणून पुढचं माझं पाप मोठं आहे.

तिसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन ते सरूबाईंकडं गेले. पोरगी घोंगडीवर पडली होती. सदरा वर केला, घड्याळ धरलं. "एक मिनिट. कुणी बोलू नका." मिनिट संपेपर्यंत त्यांचा चेहरा बदलला. श्वास साठाच्या वर गेला होता, बरगड्यांखाली खळगा पडत होता. ते हळूच म्हणाले, "आला. गोळीचा मालक आला." त्यांनी तिथंच सुई दिली, एका हातात सिरिंज आणि दुसरा हात चष्म्याच्या घरावर. दिल्यावर अर्धा तास उंबऱ्यात बसून राहिले. मग सात दिवसांचं औषध सांगितलं, एकही वेळ चुकवायची नाही म्हणून सरूबाईंकडून वदवून घेतलं.

"माज्याकडं एक गोळी हाय की आधीची, ती पन देऊ का?" सरूबाईंनी विचारलं आणि कोनाड्यातून वर्तमानपत्राची पुडी काढली. टोक आत खोचलेली. डॉक्टरांनी ती हातात घेतली, उलटीपालटी करून बघितली आणि मला परत दिली. वस्तीतही माझी पुडी पोचलेली होती. कुठल्या कुठल्या चुलीवरून फिरत आली असेल कोण जाणे.

परतीच्या वाटेवर ज्वारीचं रान होतं. कणसं भरत आलेली, मधोमध एक बुजगावणं. त्याच्या मडक्याच्या डोक्यावर दोन पाखरं निवांत बसली होती. डॉक्टरांचं बालपण दुसऱ्याच्या शेतात गोफण फिरवण्यात गेलेलं. ते थांबले.

"मारोतराव, बुजगावणं कधी उभं करतात?"

मी म्हणालो, कणीस भरलं की.

"आधीपासून उभं केलं तर?"

"पाखरं सरावतात. मग भीत न्हाईत."

"तुमी दोन-दोन गोळ्या वाटून तेच करायलाव," ते म्हणाले. रागावले की त्यांच्या बोलण्यात गाव यायचा. "अर्ध्या डोसानं सगळे जंतू मरत न्हाईत. जे उरतात ते सरावलेले असतात. एकदा त्यांची भीती मोडली की मग आपन भ्यायचं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ली मागून घेतली. वर कळवलं नाही, कुणाला सांगितलं नाही. मला मात्र गावात तोंड दाखवायची चोरी झाली, कारण खिडकीशी येणाऱ्याला आता माझ्याकडून काहीच मिळेना. भावकी घुश्श्यात आली. त्यातच भगवानराव आले. माझे थोरले चुलतभाऊ, गावचे सरपंच. नातवाचं जावळ दोन दिवसांवर, पाहुणे यायचे, आणि पोराचं नाक वाहत होतं. डॉक्टरांनी मिनिटभर मोजलं, चिठ्ठी लिहिली. भगवानरावांनी चिठ्ठी वाचली आणि टेबलावर टाकली.

"तुमच्या लोकांचा राग आमच्या लेकरावर काढायलाव का डॉक्टर?"

बाहेर पाच-सहा जण उभे होते. दार त्यांनी अडवलेलं होतं. डॉक्टरांचा गुडघा असा हलत होता की टेबलावरची शाईची बाटली किणकिण वाजत होती. मला वाटलं, आता देतील. मीच मनात म्हणत होतो, द्या एकदाची, कशाला जीव धोक्यात घालता. त्यांनी चिठ्ठी उचलली, सरळ केली, पुन्हा पुढं सरकवली. "लेकराला गरज नाही," ते म्हणाले. "परवा मी स्वतः घरी येऊन बघतो." ते गेलेही. जावळाच्या मांडवात, सगळ्यांच्या नजरा झेलत, भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि पोराचा श्वास मोजून आले. पोरगं पाचव्या दिवशी खडखडीत बरं झालं, पण भगवानरावांचा अपमान काही बरा झाला नाही.

अर्ज त्यानंतर झाला. भगवानरावांच्या ओसरीवर, दहा-बारा माणसं. डॉक्टर जातीचा डूख धरून आमच्या लोकांना औषध देत नाहीत, तरी त्यांची बदली व्हावी. माझं अक्षर गावात नावाजलेलं, म्हणून कागद माझ्यापुढं आला. सरूबाईंना नाही म्हणताना त्यांचे डोळे भरलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. त्या ओसरीवर ते माहीत असलेला मी एकटाच होतो. मी बोललो असतो तर काय झालं असतं? कदाचित काही नाही, कदाचित भावकीनं वाळीत टाकल्यासारखं केलं असतं. मी भ्यालो. सुबक अक्षरात सगळं लिहून काढलं आणि खाली तिसरी सही केली.

महिन्याभरानं डॉक्टर परभणीला मीटिंगला गेले. परत आले ते नेहमीसारखेच. संध्याकाळी दवाखाना बंद करताना म्हणाले, "मारोतराव, तुमचं अक्षर फार छान आहे. यापुढं चिठ्ठ्या तुम्हीच लिहीत जा, मी सांगतो." माझ्या हातातलं कुलूप खाली पडलं. त्यांना कळलं होतं का? की सहज म्हणाले? त्यांच्या तोंडावर काहीच नव्हतं. त्या दिवसापासून मी रोज लिहायला लागलो, कोमट पाणी पाजणे, मिठाचे थेंब टाकणे, आणि प्रत्येक चिठ्ठीवर तेच सुबक अक्षर उमटायचं.

पावसाळा सरता सरता सुमनला ताप आला. माझी एकुलती एक, दहा वर्षांची. पहिले दोन दिवस मी काय केलं असेल? घरातल्या डब्यात माझ्याच जुन्या पुड्या होत्या. त्यातल्या दोन गोळ्या दिल्या. ताप रोज थोडा थोडा वर चढत गेला. पाचव्या दिवशी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी जीभ बघितली, पोट चाचपलं, आणि मला बाहेर ओट्यावर नेऊन सांगितलं की विषमज्वर दिसतोय. टायफॉइड. परभणीला रक्त पाठवलं. दवाखान्यात टायफॉइडवर दोन औषधं असायची. त्यांनी एक सुरू केलं, पूर्ण डोस, घड्याळ लावून. म्हणाले, चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरायला लागेल. मी बोटं मोजत बसलो. चौथा गेला, पाचवा गेला. त्यांनी दुसरं औषध जोडलं. सातव्या दिवशी सुमन माझ्याकडं बघून मलाच विचारायला लागली की बाबा कुठं गेलेत. तिच्या पोटाला हात लावला की ती कण्हायची. डॉक्टर दिवसातून चार वेळा यायचे. ते आपल्या हातानं सुमनला चमच्यानं पाणी पाजताना माझ्या मंडळींनी पाहिलं आणि अडवलं नाही. मीही त्यांनी घरून आणलेल्या तांब्यातलं पाणी प्यायलो. निमित्तं कधी संपली ते कळलंही नाही.

मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. कपाट गोळ्यांनी भरलेलं होतं, किल्ली डॉक्टरांच्या हातात होती, हवी तेवढी द्यायला ते तयार होते, आणि त्यातली एकही माझ्या लेकराला लागत नव्हती.

आठव्या दिवशी ते म्हणाले, नवीन एक गोळी निघालीय, लहान मुलांना द्यावी की नाही याबद्दल पुस्तकात भीती लिहिलेली आहे, पण आता दुसरा रस्ता नाही. ती परभणीत मिळाली तर ठीक, नाहीतर नांदेड. सुमनला गाडीत घालून न्यायचं तर खड्ड्यांनी आतडं फुटायचा धोका. आणि नेमका त्या दिवशी नामांतरावरून बंद होता. एस.टी. उभ्या. रस्त्यावर टायर जळत असल्याच्या बातम्या येत होत्या. मी म्हणालो, मी जातो. ते म्हणाले, "तुम्हाला कुठली गोळी ते कळणार नाही, आणि रक्ताचा रिपोर्ट मला बघायचाय." चष्म्याचं घर त्यांनी माझ्या हातात दिलं. "हे इथं असू द्या, वाटेत फुटायचं." सकाळच्या उन्हात त्यांची मोटारसायकल गावाबाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आले. परभणीत गोळी मिळाली नव्हती. तिथून पूर्णेवरून रेल्वेनं नांदेड, आणि तसेच परत. तोंड काळवंडलेलं, सदरा अंगाला चिकटलेला. आधी सुमनला गोळी दिली. मग ओट्यावर बसून रिपोर्ट उलगडला. आमच्या दवाखान्यातली दोन्ही औषधं त्या जंतूंपुढं निकामी ठरली होती. मी विचारलं, माझ्या पुड्यांनी झालं का हे?

त्यांनी रिपोर्टाची घडी घातली. "नुसतं तसं म्हणता येणार नाही," म्हणाले. "असले जंतू आता ठिकठिकाणी निघायलेत. तुमच्या पुड्या, माझ्यासारख्या डॉक्टरांनी माणूस नाराज नको म्हणून लिहिलेल्या चिठ्ठ्या, सगळ्यांचं मिळून आहे हे." मग खाली बघून म्हणाले, "मला तुमची माफी मागायचीय."

मी चमकलो.

"बोरीच्या अलीकडं पोरांनी अडवलं. काठ्या होत्या. नाव विचारलं. मी भ्यालो, मारोतराव. मारोतराव कदम, कंपाउंडर, लेक आजारी आहे, असं सांगितलं. सोडलं त्यांनी. येतानाही तेच सांगितलं. तुमचं नाव वापरलं, न विचारता."

तेव्हाच मी सांगायला हवं होतं. माझं नाव मी कुठल्या कागदावर वापरलं ते. मी नुसता त्यांच्या पायाकडं बघत राहिलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सुमनचा ताप बघायला आत गेले.

नव्या गोळीच्या चौथ्या दिवशी ताप मोडला. पुढं महिनाभरात तिचे सगळे केस गळाले, मग पुन्हा आले, पहिल्यापेक्षा दाट. डॉक्टरांनी उरलेल्या दिवसांच्या गोळ्या रोज स्वतः येऊन, स्वतःच्या हातानं दिल्या. शेवटच्या दिवशी रिकामी पट्टी माझ्यापुढं धरून म्हणाले, "आता ही एवढीच राहिलीय आपल्या हातात. हिचं तरी बुजगावणं करू नका." पुढल्या काही वर्षांत तीच गोळी पानटपरीवर, नुसत्या शिंकणाऱ्या माणसाला सुटी विकली जाताना मी पाहिली. आजही नातवंडाला साधी सर्दी झाली की मी घड्याळ घेऊन त्याच्या पोटाकडं बघत बसतो, पुरं एक मिनिट.

दिवाळीनंतर त्यांच्या बदलीचा हुकूम आला. चार्ज देताना त्यांनी कपाटाची किल्ली आणि फाइली माझ्या ताब्यात दिल्या. त्यातल्या एका फाइलीत आमच्या अर्जाची प्रत होती. माझं सुबक अक्षर, माझी तिसरी सही. खाली कोपऱ्यात त्यांचा शेरा, "पाहिले. खंदारे." आणि तारीख, त्या परभणीच्या मीटिंगची. म्हणजे सुमन आजारी पडायच्या कितीतरी आधीची. माझ्या घरी दिवसातून चार वेळा येणारा, काठ्यांमधून गोळी आणणारा माणूस सगळं जाणून होता. मी फाइल मिटली. बाकड्यावर बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं ते निघाले. पोचवायला मी आणि सरूबाई, दोघंच. सरूबाईंनी भाकरी बांधून आणली होती, ती देऊन त्या डोळ्याला पदर लावून बाजूला झाल्या. डॉक्टर अगदी मागच्या बाकावर बसले होते, पाठीमागं कुणी नाही असे. खिशात चष्म्याचं घर. मी खिडकीखाली जाऊन उभा राहिलो. आता नाही बोललो तर कधीच नाही, हे मला कळत होतं. रात्रभर वाक्य जुळवलेलं होतं.

"साहेब, तो अर्ज मी..."

त्यांनी हात वर केला. ते माझ्याकडं बघतच नव्हते. शेजारी एक बाई खोकणारं तान्हं लेकरू मांडीवर घेऊन बसली होती, आणि डॉक्टरांनी त्याचं झबलं वर सारलेलं होतं. घड्याळ डोळ्यांसमोर आलं.

"एक मिनिट," ते म्हणाले. "बोलू नका."

त्यांचे ओठ हलायला लागले. कंडक्टरनं घंटी दिली, गाडी हलली, वळणावरून दिसेनाशी झाली, तोवर ते मोजतच होते. मी तिथंच गप्प उभा होतो, मिनिट कधीच उलटून गेलं तरी.